राणी रंगाची बाग

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या घरातल्या त्या रविवारचा राग माझ्या मनातून जात नाही.

माझ्या लग्नाला तुम्ही आला नाहीत. मुलगा नागपूरचा, बौद्ध, एवढं कारण तुम्हाला पुरलं. आई गेल्यावर २००४च्या उन्हाळ्यात तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात आणि घरात कमी, बागेतच जास्त बसलात. ती बाग माझ्या नवऱ्याची होती. इथली चिकणमाती पाणी धरते, बर्फ वितळला की मुळं कुजतात, म्हणून त्याने खडी-वाळू घालून वाफे उंच केले होते. मधोमध रोझ कॅम्पियन. पहिल्या वर्षी नुसती करडी, लोकरीसारखी मऊ पानं येतात. दुसऱ्या वर्षी उंच दांड्यांवर भडक राणी रंगाची फुलं. तुम्ही आलात तेव्हा ती ऐन भरात होती. तुम्ही विचारलंत, "इतका भडक रंग डोळ्यांत कसा खुपत नाही?" तो लगेच तुमच्या शेजारी उकिडवा बसला. "पिवळ्याजवळ लावला ना बाबा, तर फार खुपतो. म्हणून ह्या बाजूला लॅव्हेंडर, मागे पांढरी डेझी. आणि पान तर बघा हात लावून." तुम्ही पान बोटांत धरून बसलात. आता सगळं ठीक होईल, असं मला खिडकीतून बघताना वाटलं.

मग त्या रविवारी इथल्या महाराष्ट्र मंडळातली माणसं जेवायला आली. पुण्याचे एक काका वाफ्यापाशी थांबून म्हणाले, "वा! कोणाची हो ही कलाकारी?" आणि तुम्ही म्हणालात, "मुलीची. आमच्या घरातच आहे ते." काकांनी विचारलं, "आणि जावई?" "ते देतात माती खणून."

माती खणून! अण्णा, मला तर झेंडूसुद्धा धड जगवता येत नाही. तो तुमच्या मागेच चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्याने काकांना विचारलं, "साखर चालते ना, काका?" त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. अशा वेळी आवाज हलू न देण्याची सवय त्याला कधीपासून असेल, हे मला त्या क्षणी कळलं, आणि तुमची लाज वाटली.

पाहुणे गेल्यावर मी तुम्हाला स्वयंपाकघरात गाठलं. "बाग त्याची आहे, अण्णा."

"माहितेय मला."

"मग?"

"चारचौघांत सगळंच सांगायचं नसतं."

"सगळंच म्हणजे काय?"

"हळू बोल. तो ऐकेल."

"त्याने ऐकलंय!"

तुम्ही ओट्यावरचा कपडा उचललात आणि कोरडाच असलेला ओटा पुसत राहिलात. माफी नाही, काही नाही. सकाळी पुन्हा बागेत, त्याच्याशीच गप्पा! ऑगस्टमध्ये परत निघताना तुम्ही त्याच्याकडे बी मागितलंत. त्याने वाळलेली बोंडं उलटी करून खसखशीसारखं काळं बी तुमच्या रुमालात बांधून दिलं. मी त्याच्यावरच भडकले. "कशाला दिलंस?" तो म्हणाला, "मागितलं यार त्यांनी. पहिल्यांदा काहीतरी मागितलं माझ्याकडे." त्याला त्याचा आनंद झाला होता, अण्णा. एवढ्याशा गोष्टीचा! ह्याचा राग तर मला त्या रविवारपेक्षाही जास्त येतो.

पुढच्या मार्चमध्ये तुम्ही गेलात. मी पुण्याला पोचले, तेव्हा गॅलरीत कुंड्या होत्या आणि त्यांत ती करडी पानं, फुलं यायच्या आधीची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अण्णा ह्यांना कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे."

बी कोणी दिलं, म्हणून सांगायचे? प्रश्न अगदी ओठांवर आला होता. दादाला ठाऊक असेल, काकूंना तर नक्कीच असेल. दर भारतवारीत दोघंही भेटतात, चहा होतो, तुमचा विषयही निघतो. मी अजून विचारलेलं नाही. तुम्ही तिथेही माझंच नाव सांगितलं असेल, ह्याची मला भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर, त्याचं सांगितलं असेल, ह्याचीही वाटते; मग इतकी वर्षं धरून ठेवलेल्या ह्या रागाचं मी काय करू?