कोळशाचा धूर कुणी प्यायचा

अप्पा,

गेल्या रविवारी तुमच्या चुन्यावरून माझं आणि अण्णाचं, बहीण-भावाचं, चारचौघांत भांडण झालं, आणि मी जिंकले. कशी जिंकले ते तुम्हाला सांगायला हवं. मी त्यात तुमचं नाव वापरलं, आणि तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाल्यामुळे आधी विचारायची सोय नव्हती.

धारवाडात आमचं एक वाचनमंडळ आहे. महिन्यातून एकदा वीस-पंचवीस माणसं जमतात, निम्मी निवृत्त, बाकीची मुलांच्या शाळा-क्लासातून सुटून आलेली. आमचा एक नियम तुम्हाला आवडला असता. विषय कितीही मोठा असो, बोलणाऱ्यानं उदाहरण स्वतःच्या घरातलं द्यायचं, पुस्तकातलं चालणार नाही. या वेळचा विषय होता, हवा तापतेय ती माणसामुळे की आपली आपण. अण्णा मुद्दाम हुबळीहून आला होता. दोन वर्षं तो मला फोनवर निरोप पाठवतो आहे, की पृथ्वी याआधीही तापली होती, ज्वालामुखी काय कमी वायू सोडतात, कार्बन डायऑक्साइड तर झाडांचं अन्न आहे. मी त्याला उलट काही पाठवलं की अंगठा दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पण त्याच्यामुळे मी वाचायला लागले हेही खरं. ज्वालामुखी किती सोडतात ते लोकांनी मोजलंय, आणि माणसाच्या मानानं ते थोडंच निघतं. पृथ्वी आधी तापली होती हे अण्णाचं म्हणणं बरोबर आहे, पण भिंतीला पूर्वी पावसानं ओल आली होती म्हणून आज आतला नळ फुटलेला नाही असं कसं म्हणायचं? मला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की कोळशातला कार्बन इतका जुना असतो की त्याची एक खूण काळानं पुसून गेलेली असते, आणि हवेत मिसळल्यावरही तो त्यावरून ओळखता येतो. तुम्ही असता तर मला दोनदा सांगायला लावलं असतंत.

अण्णा उभा राहिला तो दुकानात उभा राहतो तसा, दोन्ही हात टेबलावर टेकून. "आमचे अप्पा हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारात चुना विकायचे," तो म्हणाला. "भट्टीत दगड भाजला की त्यातून हाच वायू निघून जातो. बरोबर? आणि तोच चुना भिंतीला मारला की भिंत तो वायू हवेतून परत ओढून घेते. जातो तेवढा येतो. चुनेवाल्यांच्या घरात जन्मलोय आम्ही, आम्हाला काय कार्बन शिकवता?" लोक हसले. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "घ्या! आता बहीण काय बोलणार?"

खरं तर तो तुमचंच बोलत होता, शब्दसुद्धा तुमचेच होते. सफेदीसाठी चुना न्यायला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही सांगायचात, "दोन हात मारा, आणि आठ दिवस भिंतीला वारा लागू द्या. भिंत हवा पिते आणि परत दगड होते." गिऱ्हाइकाला पटत नसे, पण मला तुम्ही पटवून दिलं होतंत. स्वयंपाकघरात आई तुमच्यावर ओरडते आहे, कारण तुम्ही तिच्या पितळी वाटीत चुन्याची निवळी गाळून घेतली आहे. मला तुम्ही पपईच्या पानाचा पोकळ देठ देता आणि म्हणता, फुंक. मी फुंकते, आणि स्वच्छ पाणी दुधासारखं होतं. "बघ," तुम्ही म्हणता, "तुझा श्वास दगड झाला." आई म्हणते, "वाटी घासणार कोण?" त्या दिवसापासून माझा तुमच्यावर जो विश्वास बसला तो बसलाच.

म्हणूनच त्या भट्टीवरच्या दिवशी मी विचारलं. अण्णाची परीक्षा होती, म्हणून तुमच्याबरोबर मी हट्टानं ट्रकमध्ये बसून बागलकोटकडे आले होते. मी दहा वर्षांची. भट्टीत दगडाचा एक थर, कोळशाचा एक थर, परत दगड, परत कोळसा, असं भरत होते, आणि शेजारच्या पेटलेल्या भट्टीचा धूर सरळ वर जात होता. भट्टीचे मालक तुमच्याशी बोलत होते आणि मी मध्येच म्हटलं, "अप्पा, दगडातलं भिंत परत पिते. मग कोळशाचा धूर कोण पितं?" तुम्ही म्हणालात, "वर जातो तो." मी विचारलं, "वर कुठं?" मालक हसले, कानडीत म्हणाले की तुमची पोरगी वकील होणार. तुमचा चेहरा उतरला आणि तुम्ही, माझ्याशी कधी कानडीत न रागावणारे तुम्ही, "सुम्म कूड्रु" म्हणून मला गप्प बसवलंत. परतताना हुबळीत शिरल्यावर उणकलपाशी ट्रक थांबवलात, मला चुरमुऱ्यांचं गिरमिट घेऊन दिलंत, आणि माझ्या पुड्यात वरून आणखी शेव घालायला सांगितलीत. त्याचा अर्थ मी आजही लावते आहे. तुम्हाला राग कशाचा आला होता? मी मोठ्यांच्या मध्ये बोलले याचा, की उत्तर नव्हतं याचा? की तुम्हालाही तो प्रश्न कधीतरी पडला होता आणि तुम्ही तो तिथंच ठेवून दिला होतात?

तर रविवारी मी उभी राहिले. वाचलेलं सगळं माझ्याजवळ होतं, पण अण्णाचा अंगठा मला दिसत होता. आणि मी म्हणाले, "अण्णा, मला अप्पांनी भट्टीवर एकदा विचारलं होतं. दगडातलं भिंत परत पिते, पण भट्टीत जळणाऱ्या कोळशाचं कोण पिणार?"

अण्णा टेबलावरचे हात उचलून सरळ झाला. "अप्पांनी विचारलं होतं?"

"हो."

"मग त्यात काय बोलायचं," तो म्हणाला आणि खाली बसला. टाळ्या पडल्या.

जिन्यात त्यानं मला गाठलं. वाटलं, भांडेल. तो म्हणाला, "दहा वर्षं मी त्यांच्याशेजारी दुकानात बसलो. मला हे कधी विचारलं नाही. तुलाच विचारलं." मी चपला शोधत राहिले. सोमवारी फोन, मंगळवारी फोन. रंग न्यायला आलेल्या दोघा-तिघांना त्यानं कोळशाचं सांगितलं होतं, 'आमचे अप्पा म्हणायचे' असं म्हणून. निरोप यायचे बंद झाले होते. बुधवारी धाकट्या बहिणीची कानडी हाक मारून म्हणाला, "तंगी, आणखी काय काय बोलायचे गं ते तुझ्याशी? नीट आठवून सांग."

गुरुवारी मी धारवाडात केळगेरीच्या घरून निघाले, हुबळीची बस पकडली आणि दुकानात गेले. आता तिथं चुन्याची पिंपं नाहीत, रंगाचे डबे हलवणारं यंत्र आहे, त्याच्या आवाजात बोलावं लागतं. मी म्हटलं, "अण्णा, तो प्रश्न माझा होता. मी विचारला होता."

त्यानं यंत्र बंद केलं. "आणि अप्पा काय म्हणाले?"

"गप्प बस म्हणाले."

तो इतका हसला की समोरच्या दुकानातला माणूस बघायला लागला. "हे मात्र अप्पा!" मग हसू ओसरलं. "म्हणजे मी चार दिवस लोकांना तुझं वाक्य सांगत बसलो."

"कोळशाचं खरं आहे पण."

"असेल," तो म्हणाला. "बघावं लागेल परत." आणि यंत्र चालू केलं. संध्याकाळी फोनवर निरोप आला, ज्वालामुखीचा.

त्यानं माझ्यामुळे नाही, पुराव्यामुळेही नाही, तुमच्यामुळे मान्य केलं होतं. आता तुम्ही त्यातून निघून गेलात आणि कोळसा एकटा राहिला. तो एकटा त्याला पटेल का, हे मला खरंच कळत नाही, आणि पाहायची उत्सुकता मात्र फार आहे. आज त्यानं एवढंच विचारलं आहे, की जुन्या कार्बनची खूण पुसते म्हणजे नेमकं काय होतं. मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण या वेळी ते नीट समजून घेऊन, माझ्या नावानं द्यायचं आहे.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून लिहिते. खरं सांगून आल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटलं नाही, अप्पा. अण्णा खोट्यामुळे माझ्या बाजूचा होता, ते चार दिवस मला जास्त आवडले होते.