पेशी असंख्य

४ मार्च
रिकामं पातेलं गॅसवर ठेवून मी खिडकीत उभी होते म्हणे! मुलगा ओरडला नाही, त्याचंच वाईट वाटलं. सुनेला हळूच म्हणाला, "साठी बुद्धी नाठी, आणि ही तर अठ्ठ्याहत्तर." कान शाबूत आहेत माझे.

५ मार्च
रविवारी मला वृद्धाश्रमात नेणार. जागा हवेशीर आहे, सोबत मिळेल, असं सून समजावत होती. उत्तर द्यायचं होतं, शब्द सापडेनात. चमच्याला काय म्हणतात तेही आठवेना.

दुपारी हे खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "बत्तीस वर्षं लॅबमध्ये लोकांच्या बाटल्या तपासल्यास. एकदा स्वतःची लघवी तपास की." यांचा टोमणा नेहमी वेळेवर.

५ मार्च. नाही, ६.
मुलाला सांगितलं. म्हणाला, ताप नाही, जळजळ नाही, कशाला तपासायची? अरे, या वयात अंगातले पहारेकरीही म्हातारे होतात. चोर शिरला तरी शिट्टी वाजवत नाहीत. ताप म्हणजे ती शिट्टी. चोर मूत्राशयात आणि गोंधळ डोक्यात — 'भ्रम झालाय' म्हणून आलेल्या किती नमुन्यांत मी जंतू पाहिलेत!

तपासल्याशिवाय उंबरठा ओलांडणार नाही म्हटलं. न्यायचं तर उचलून न्या.

गेला बाटली घेऊन.

७ मार्च
रिपोर्ट आला. पस सेल — असंख्य.

मी टाळी वाजवली. मुलगा घाबरला. बसवून सांगितलं: या पांढऱ्या पेशी, माझे शिपाई. रक्तातून निघून मूत्राशयाची भिंत पार करून आले, जंतू गिळले आणि गिळता गिळता मेले. त्या भिंतीचं आतलं अस्तरही कमी नाही. जंतू चिकटले की वरच्या पेशी स्वतःच सुटतात, जंतूंसकट लघवीत वाहून जातात. कात टाकावी तशा!

"फौज म्हातारी असेल," मी म्हटलं, "पळालेली नाही."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. फौजेला कुमक. रविवार पुढे ढकलला.

९ मार्च
पाणी. गोळी. पुन्हा पाणी.

१३ मार्च
चमचा, गाळणी, सांडशी, उलथनं. सगळी नावं जागेवर! सुनेनं वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवलं. मुलानं विचारलं, "आई, तपासायचं तुला सुचलं कसं गं?" म्हटलं, वहीत बघून सांगते.

१४ मार्च
पाच तारखेचं पान वाचलं. मुलाला दाखवणार नाही. हे जाऊन सहा वर्षं झाली.

म्हणजे शिट्टी माझीच होती.