मिठानं घासलेला अंगठा

पेण, मंगळवार, फेब्रुवारी १९९६

सकाळपासून तो ठसा डोळ्यांपुढून हलत नाही.

आज दवाखान्यात धरमतरकडची यमुना तपासायला आली होती. सातवा महिना, मिठागरात कामाला. कार्डावर तिचा अंगठा घेतला तर नुसता निळा डाग उठला. ती हसली. "माजा अंगठा कदीच उठत नाय गो शिस्टर. मिठानं पार घासलाय."

तेव्हाच डोक्यात किडा शिरला. मुंबईचे डॉक्टर आमच्याकडच्या गरोदर बायकांना नवी गोळी देऊन बघतायत, त्या संमतीपत्रांची फाईल काढली. यमुनाच्या कागदावर अंगठा कसा, तर रेघन् रेघ मोजून घ्यावी असा. पुढचे पाच कागदही मिठागरातल्याच बायकांचे. तेही तसेच स्वच्छ. आणि प्रत्येक ठशात मधोमध तिरका, जुन्या जखमेचा व्रण! सहाही जणींना एकाच जागी कापलं?

"या कागदावर अंगठा कधी दिलास?" मी तिला विचारलं.

"कसला कागद? कंपाउंडर म्हनला, ताकदीची गोळी हाय, रोज घे. चांगली हाय ना गो?"

ती चांगली की वाईट, हे मला तरी कुठं ठाऊक आहे! दुपारी कंपाउंडरचा अंगठा बघायला गेले तर त्यानं हात खिशात घातला. की मलाच तसं वाटलं?

पण जाब कुणाला विचारू? सहाही ठशांखाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे. डॉक्टर घाईत होते, म्हणून कोऱ्या कागदांवर मीच आधी सह्या करून दिल्या होत्या.