गुबीचं रडू

१२ जानेवारी

नाही म्हणजे नाही! सांगून टाकलं आईला – मी आता परत गुबीबिबी होणार नाही.

पहिल्या सिनेमाच्या वेळी मी आठ वर्षांची होते. गुबी म्हणजे अस्वलाचं पिल्लू, डोक्यावर एवढासा ढग. गुबी हसली की ढग पांढरा, रुसली की दोन थेंब. गुबीला आवाज माझा. सगळ्यांनी माझे गालगुच्चे घेऊन गाल सैल केले. आता दुसरा भाग येतोय. गुबी मोठी झालीये, तिचं तिलाच काही कळेनासं झालंय आणि ढगातून भर वर्गात गारा पडतात. कंपनीला तोच आवाज हवाय, "जरा वाढलेला". आणि संवाद लिहिणार कोण? डबिंग करून घेणार कोण? आमच्या मातोश्री! शाळेत एक बाई पुरतात, मला घरी एक, स्टुडिओत एक.

आई म्हणाली, "बरं. दुसरी मुलगी घेतील. मग शोला बाबाला तिचा आवाज ऐकव."

बरोबर दुखऱ्या जागी बोट! बाबा दोन वर्षं तिकडे लांबच्या बंदरावर आहे, मोठाल्या क्रेन बसवतो. एप्रिलमध्ये त्याचं काम संपतं. पहिल्या शोला माझ्या शेजारी बसणार असं त्याने कबूल केलंय.

करते म्हटलं. झक मारत.

१९ जानेवारी

बाबाचा फोन. मागे मशीनचा खडखडाट, नीट ऐकूच येईना. "शोला येणार ना?" विचारलं. "बघू गं बाळा." पूर्वी "येणार म्हणजे येणार" म्हणायचा. दमला असेल.

२ फेब्रुवारी

स्टुडिओ. काही म्हणजे काही बदललेलं नाही. भिंतींना तोच करडा गालिचा, माइकपुढे तीच जाळी. आवाज येतो म्हणून एसी बंद. उकडून निघाले. रेकॉर्डिंगवाले काका अजून मला 'चिमणे' म्हणतात – मी त्यांच्या खांद्याला लागते आता! काचेपलीकडे ते आणि आई. समोरच्या बोर्डावरचं बटण दाबून बोलले तर माझ्या हेडफोनमध्ये ऐकू येतं, नाहीतर नुसती तोंडं हलताना दिसतात. माझी चेष्टाच चालली असणार.

"चिमणे, सफरचंद खा." तोंड कोरडं पडलं की बोलताना चिकचिक येते, सफरचंदाने जाते. मग पोट गुरगुरलं, तेही माइकने पकडलं. काका म्हणाले, "अस्वलाला शोभतंय, ठेवू या." मला हसू आलं. आलंच.

५ फेब्रुवारी

चोर! चोर! चोर!

परवा आईशी कडाक्याचं भांडण झालं तेव्हा मी म्हटलं होतं – "मला समजून घे असं नव्हतं सांगितलं, मला एकटं सोड असं सांगितलं होतं!" आज गुबीच्या कागदावर तेच वाक्य. शब्दन् शब्द! मी म्हटलं, हे माझं आहे. आई चष्म्यावरून बघत म्हणाली, "गुबीच्या ओठांत अगदी बरोबर बसलं बघ."

म्हणजे मी घरात घसा फोडायचा आणि हिने तो अस्वलाच्या तोंडात बसवायचा. वर मलाच तेच बोलायला लावायचं, आणि तेही "घरी जसं बोललीस तसं नाही येत आहे" म्हणून परत परत! उद्यापासून घरात फक्त हो आणि नाही.

६ फेब्रुवारी

हो. नाही. नाही. हो. आई म्हणाली, "वा, किती शांत वाटतंय घर." अस्सं डोकं फिरलं!

१६ फेब्रुवारी

रविवार असून बाबाचा फोन नाही. आईनेच केला, गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन. आत आली ती भांडी आपटत. काहीतरी लावून बोलली असणार त्याला. तिच्या जिभेला हाड नाही. मी बाबा असते तर मीही फोन टाळला असता.

२१ फेब्रुवारी

आजचा दिवस गेला रडण्यात. म्हणजे रडू न येण्यात.

शेवटचा प्रसंग आहे. गुबी शाळेच्या छपरावर एकटी बसते, ढग सुकून खडखडीत झालाय, आणि खूप वेळाने तिला एकदाचं रडू फुटतं. मी रडले. हुंदके दिले, नाक ओढलं, सगळं केलं. कंपनीचे साहेब आले होते. ते म्हणाले, "प्लास्टिकचं वाटतंय." आई म्हणाली, "काहीतरी आठव." काय आठवू? तुझा चेहरा आठवू?

मनात म्हटलं हे. तोंडावर नाही.

२२ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाहीये. तरी लिहिणार.

आजही रडू जमलं नाही. शेवटी काका म्हणाले, "राहू दे, उद्या बघू. जाता जाता शांतता भरून घेऊ." हे त्यांचं नेहमीचं. काम संपलं की खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतात, दोन वाक्यांच्या मधे ती घालावी लागते. त्या वेळी मी हलायचं नाही, डोळे मिटून गप्प बसायचं. काका मशीन चालू करून तारा की काय आणायला बाहेर गेले. आत मी, पलीकडे आई.

आणि हेडफोनमध्ये आईचा आवाज. हळू, अगदी माझ्या कानात. "तो काही परत यायचा नाही आता. कळवलंय त्याने. तिकडेच संसार थाटलाय. कुठल्या तोंडाने सांगू मी पोरीला?"

मी ओरडले नाही. जे काही बाहेर आलं ते रडणं होतं की काय होतं मला माहीत नाही, मी असा आवाज कधी काढलेला नाही. डोळे उघडले तर काचेपलीकडे आई उभी, पांढरीफटक. धावत आत आली, मला जवळ घ्यायला लागली. मी तिला ढकललं. विचारलं, "खरं?"

तिने माझ्या कानांवरचे हेडफोन काढले. मग म्हणाली, "नाही गं. शॉटसाठी. तुला रडू येत नव्हतं ना."

काका तारा घेऊन परत आले. ऐकून म्हणाले, "आयला! शांतता भरायला ठेवलं आणि हे काय भरलं गेलं!" त्यांच्यासुद्धा डोळ्यांत पाणी.

शॉटसाठी!! शांततेचं नाटक करून, मला बेसावध पकडून! आणि काय पण वाक्यं. "संसार थाटलाय." "कुठल्या तोंडाने सांगू." आधीच लिहून ठेवली असणार. चांगलं लिहिते हो आई.

२३ फेब्रुवारी

बोलत नाही तिच्याशी. हो आणि नाहीसुद्धा नाही.

१ मार्च

आता हिचं नवीनच. साहेबांना ते रडू भयंकर आवडलंय, जसंच्या तसं लावणार. आणि आई हटून बसलीये की ते काढा! माझ्यासमोर साहेबांशी वाद. "ते तिचं खाजगी आहे," म्हणे. आता आठवलं खाजगी! माझं भांडण चोरलं तेव्हा खाजगी कुठे गेलं होतं? रडवणारी तूच, आणि आता दयेचा पाझर फुटतोय तोही तुलाच!

साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, "ठेवा. एवढ्या मेहनतीने रडवलंय आईने, वाया कशाला घालवता?"

काकांनी उगाच बोर्ड पुसायला घेतला.

९ मार्च

वर्गातल्या ढापणीला सगळं सांगितलं. (चष्म्याचा नंबर केवढा तरी आहे, पण तिला दिसतं सगळं.) ती म्हणाली, "तुझी आई असं करेल असं वाटत नाही." मी म्हटलं, तुला काय माहीत, तुझी आई बँकेत आहे.

मग दिवसभर तेच डोक्यात. आई तोंडाळ आहे, रागीट आहे, माझे शब्द उचलते. पण बाबावरून खोटं? म्हणूनच तर तिला माफ करायचं नाही. बाबावरून!

१५ मार्च

आज जेवताना ताटली सरकवून उठले. वाटलं, आता बसणार धपाटा. निदान आरडाओरडा. काही नाही. मागून खोलीत आली. "मी वाईट आहे. कबूल. आता चार घास खा."

असं कोण भांडतं? माझी आई तर नाहीच. घरात आता भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही.

मी खाल्लं. भूक लागली होती.

२३ मार्च

ठरलं. पुढच्या रविवारी बाबाला सगळं सांगायचं. तुझ्या नावाने काय खोटं बोलली, कसं रडवलं मला, सगळं. मग तोच काढेल तिची खरडपट्टी. आई आसपास नको. ती बाजाराची पिशवी घेऊन जिना उतरली की लगेच फोन.

शोची तीन तिकिटं आलीत. मी मधे बसणार. आईकडे बघणारसुद्धा नाही.

३० मार्च

सांगितलं. एका दमात. "तू आता परत येणार नाहीस म्हणाली, तिकडे संसार थाटलायस म्हणाली, मला रडवायला!" तिकडे मशीन नव्हतं आज. अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. कुणीतरी लहान मूल रडत होतं, कुणीतरी त्याला गप्प करत होतं.

बाबा म्हणाला, "बरं झालं बाळा, तिनेच सांगितलं ते. मला धीरच होत नव्हता."

ती शॉटसाठी बोलत नव्हती. कुणाशी तरी, बहुतेक मावशीशी, फोनवर बोलत होती, आणि ते बटण दाबलेलं राहिलं होतं.

आई परत आली. पिशवी ठेवताना माझ्याकडे न बघता विचारलं, "बाबाचा फोन झाला? काय म्हणाला?"

इतक्या दिवसांनी तिच्याशी बोलले. म्हटलं, "शोला यायला रजा मिळत नाहीये त्याला."