डावा हात

१२ फेब्रुवारी, सकाळ

चि. ठमाबाईस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझी आजी माझ्या गुडघ्यांना आणि मी तिच्या चहाला नावं ठेवून दिवस ढकलतो. खिडकीत कोवळं ऊन आलंय. अशा उन्हात शाळेत पाठ केलेल्या ओळी आपसूक ओठांवर येतात.

माझ्या विमानयुद्धावरची तुझी कविता पुन्हा वाचली. तिसऱ्या कडव्यात एक मात्रा सांडली आहे, तेवढी उचल.

फोनवर बोलता आलं असतं, पण मी तोंड उघडलं की पुन्हा गोष्टच होते.

रविवारी जेवताना तू दोन्ही हातांची विमानं केलीस. डावा हात शत्रू, उजवा मी. "तो वळला, तेव्हा तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं, "आधी त्याने मला सलाम केला." आजी वाढता वाढता म्हणाली, "हा सलाम नवीन हं! दर खेपेला काहीतरी निघतंच." सगळे हसले, मीही हसलो.

ठमे, सलाम नव्हता. गिरक्याही नव्हत्या. आमचे प्रशिक्षक सांगायचे, "ज्याने तुला पाहिलं, त्याच्या नादी लागू नकोस. ज्याने पाहिलं नाही, तो तुझा." म्हणून आम्ही उंच चढायचो, सूर्य पाठीशी घ्यायचो आणि मागून उतरायचो. मी तसाच उतरलो. तो सरळ चालला होता, मान खाली; मांडीवरचा नकाशा बघत असावा. त्याच्या टोपीची शिवण दिसेपर्यंत जवळ गेलो. त्याने मान वर केलीच नाही.

शिकवण तीच होती. पुन्हा वेळ आली असती, तर पुन्हा तसाच उतरलो असतो. पण घरी आल्यावर सगळे विचारू लागले, "कसा लढला तो?" आणि, लिहितानाही लाज वाटते, मी लहानपणी शाळेत पाठ केलेल्या कवितेतला वीर उचलून त्याच्या जागी बसवला. मला शूर म्हणावं म्हणून त्या मेलेल्या माणसाला जन्मभर लढायला लावलं.

शुक्रवारी तुझ्या शाळेत मी पाहुणा, आणि तू ती कविता म्हणणार. व्यासपीठावरची खुर्ची नको, असं बाईंना आजच कळवतो. कविता म्हणायची की नाही, तू ठरव. म्हणालीस, तर डावा हात सरळ ठेव. तो वळला नव्हता.

मी समोरच बसेन, तुला आधीपासून दिसेन असा.

आजोबा