सनमायकाखालची सही

तीर्थस्वरूप मामांना ओमानमधल्या बरक्याहून शांतारामाचा साष्टांग नमस्कार.

आपले गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला गेला का? मी इथे सुखरूप आहे (उकाडा सोडून द्या, तो सगळ्यांनाच आहे). पत्रास कारण, आपला भाचा कोर्टाची पायरी चढून आला. भिऊ नका, फिर्याद आमचीच होती.

इथल्याच सहम गावात राजीवशेठ म्हणून एक गृहस्थ बेकरी चालवतात, आपल्या नागोठण्याकडचे. त्यांना मी आठ फुटी काउंटर करून दिलं. सामान-मजुरी धरून चारशे दहा रियाल ठरले. आपल्या धंद्याची खोड तुम्हाला ठाऊकच आहे. कागद शोधतो कोण, पुढ्यात प्लायवूड असतं आणि कानावर पेन्सिल. ठरलेला आकडा मी काउंटरच्या फळीवरच लिहिला, राजीवशेठनी खाली झोकदार सही ठोकली आणि दुसऱ्या दिवशी मी त्यावर सनमायका चिकटवला. (हसू नका मामा, ही सवय तुमचीच.)

पुढे पैशांचं नाव काढलं की राजीवशेठ ‘इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात’ म्हणत आणि नानकटाई पुढे करत. सात महिने मी नानकटाई खाल्ली. लाकूडवाला मात्र नानकटाईवर ऐकेना, त्याचे अडीचशे रियाल माझ्या अंगावर. शेवटी आमच्या अर्बाबानं (म्हणजे इथला अरब मालक, दुकान त्याच्या नावावर आहे) लहान दाव्यांच्या कोर्टात अर्ज लावला. तिथे राजीवशेठ दुभाष्यामार्फत म्हणाले, करार झालाच नाही, शिवाय काम कच्चं आहे. मामा, पैसे बुडवले ते सोसलं, पण ‘कच्चं’ ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सांगितलं, करार सनमायकाच्या खाली आहे. न्यायाधीशांनी दुभाष्याकडे दोनदा पाहिलं. मग हुकूम झाला, तज्ज्ञानं जाऊन सनमायका काढावा.

सहमच्या वाटेवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि घाम फुटला. सनमायका निघाला नाही, तर पुरावा नाही. सहज निघाला, तर काम कच्चं. मी गणपतीला साकडं घातलं, निघू दे, पण मोठ्या मुश्किलीनं निघू दे. तज्ज्ञानं कोपऱ्यात पटाशी घातली आणि आठ फूट सनमायका केळ्याच्या सालीसारखा उलगडत आला. खाली सही अगदी स्वच्छ. राजीवशेठ हसलेसुद्धा नाहीत, ते जास्त लागलं.

निकाल आमच्या बाजूनं झाला. पैसे पूर्ण मिळाले, मी काउंटर फुकट पुन्हा मढवून द्यायचं. लाकूडवाल्याचं देणं फिटलं. पण जिंकून मान खाली घालायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली. दोष माझा नव्हे, बेकरीच्या भट्टीची धगच तशी.

आपला आज्ञाधारक भाचा,
शांताराम

ता. क. : भट्टीचा दोष नाही. तुम्हाला खोटं लिहवत नाही. गोंदाचा एकच डबा पुरवायला मी त्यात थिनर जास्त घातला होता.

ता. क. दुसरा : मे महिन्यात गावी आलो तेव्हा मामींचं देवघर सनमायकानं मढवलं, तेव्हाही डबा पुरवलाच होता. मामी ते अख्ख्या वाडीला दाखवतात असं ऐकतो. त्या देवळात गेल्या की मागच्या कोपऱ्यात हळूच पटाशी घालून पाहाल का? नाही निघाला, तर लगेच फोन करा, माझा जीव भांड्यात पडेल. निघाला, तर तेवढं मामींना कळू देऊ नका, मी दिवाळीत येऊन पुन्हा चिकटवतो.