पाहुण्यांआधीची साफसफाई

सोमवार, ६ मे

लिहिण्याची मला हौस नाही. पण शुक्रवारी ओढ्याकाठी पेटवलेला ओंडका अजून धुमसतो आहे, उद्या युनिव्हर्सिटीची बाई तिथले दगड तपासायला येते आहे, आणि घरात बोलायला कुत्र्याखेरीज कुणी नाही. म्हणून लिहिते.

वस्तुस्थिती अशी. ओढ्याच्या वळणावर मर्लच्या पूर्वजांची दगडी हत्यारं पडलेली आहेत. पाती, तासण्या, घडवताना उडालेल्या कपच्या. हजारो वर्षांची. मर्ल म्हणजे गावातल्या विराजुरी लोकांची, ऑस्ट्रेलियाच्या इथल्या मूळ रहिवाशांची, वडीलधारी. सगळे तिला आंटी मर्ल म्हणतात. मी नुसतं मर्ल, कारण आम्ही एका संघात नेटबॉल खेळलो. तिला कित्येक वर्षं एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे: तिच्या माणसांनी हे दगड आधी भाजून मग घडवले का? वाळूखाली मंद आचेवर भाजला की हा दगड नीट फुटतो, धार चांगली येते. इतर ठिकाणी लोक तसं करत. इथे करत का, कुणालाच ठाऊक नाही. ही डॉ. ब्रिओनी तेच शोधायला येते आहे.

मी फक्त साफसफाई केली. गवत कमरेएवढं, त्यात साप, आणि त्या दगडांवरच आडवा पडलेला रेड गम निलगिरीचा ओंडका. पाहुणे येणार म्हणजे जागा नीटनेटकी हवी. आदल्या दिवशी शेजाऱ्यांना आणि अग्निशमन दलाच्या डगला रीतसर फोन केले. वारा पाहिला. सगळं नियमात.

दगड तो दगड. आगीने त्याचं काय वाकडं होणार? कॉलेजात प्राचीन इतिहास हा माझा विषय होता.

मंगळवार, ७ मे, सकाळ

जाऊन पाहिलं. राखाडी दगड लाल झाले आहेत. काहींना जुन्या बशीसारख्या बारीक चिरा. काहींच्या अंगावरून गोल चकत्या उडाल्या आहेत आणि तिथे खळगे पडले आहेत.

ओंडका विझवायला हवाच होता. बादल्यांनी पाणी ओतलं. दगड तडतडले. आणखी चकत्या.

मग ट्रॅक्टरने ओंडका शेडमागे ओढून नेला, राख ओढ्यात लोटली, काळ्या जमिनीवर वाळू पसरली. लपवण्यासाठी नव्हे. साफसफाई अर्धवट सोडू नये.

निर्णय: ब्रिओनी गाडीतून उतरताच सांगायचं. दोन वाक्यं. मी भित्री नाही.

मंगळवार, रात्री

सांगितलं नाही. ती दिवसभर गाडी चालवून आली होती. दमलेल्या माणसाच्या डोक्यावर असलं काही घालणं बरं नव्हे.

बुधवार, ८ मे

ब्रिओनी सकाळभर गुडघ्यांवर. तिने विचारलं, इतक्यात इथे काही जळलं का? मी म्हणाले, गवत जाळलं. हे खरं आहे. ती म्हणाली, मग ठीक, गवताची आग झरकन निघून जाते, दगडाला एवढं करत नाही. म्हणजे हे तापणं जुनं असणार! डोळे लकाकत होते. तिला त्या वेळी अडवणं क्रूरपणाचं झालं असतं.

दुपारी मर्ल आली. ब्रिओनीने तिचा हात धरून सांगितलं, आंटी, अजून खात्री करायची आहे, पण बहुतेक होय. मर्ल दगडांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी भोपळ्याचे स्कोन पुढे केले. तिने खाल्ले, लोणी कमी आहे म्हणाली. दगडांबद्दल अवाक्षर नाही.

मर्लला काही कळलेलं नाही. तिची नजर हल्ली अधू झाली आहे.

उद्या नाश्त्याच्या वेळी नक्की.

गुरुवार, ९ मे

नाश्त्याला अंडी जास्त शिजली. मूड गेला.

दहा वाजता मर्ल मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात. म्हणाली, अगं ग्वेन, शुक्रवारपासून गावभर रेड गमचा धूर आहे. डगच्या दलात माझे दोन भाचे. तुझा फोन आला तेव्हा सगळं कळलं होतं आम्हाला. मला वाटलं, घराजवळचा पाला जाळत असशील. शिकलेली बाई, ओढ्यावर कशाला जाईल काडी घेऊन!

मी म्हणाले, साप होते.

ती म्हणाली, साप पळून जातात गं. दगडांना पाय नसतात. तुला झाडायची खोड, ती मला नेटबॉलपासून माहीत. आता आमचंही झाडून टाकलंस.

मी विचारलं, मग काल गप्प का बसलीस? म्हणाली, तुझी वाट बघत होते. तिला तूच सांग, मी सांगणार नाही. आणि चहा न घेता गेली. मर्ल, आणि चहा न घेता.

शुक्रवार, १० मे

सांगितलं. दोन वाक्यांत बसलं नाही. सापांपासून सुरुवात केली. ब्रिओनी म्हणाली, सापांचं राहू द्या. शेडमागचा ओंडका दाखवला. तिने वाकून त्याची जळकी बाजू चाचपली.

मग म्हणाली, हे दगड पूर्वी भाजले असतीलही, नसतीलही. आता त्या वळणावरच्या दगडांवरून सांगता येणार नाही. तुमच्या आगीने आधीच्या आगीची खूण खाल्ली. मर्ल शेजारीच होती. तिने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि ओढ्याकडे चालू लागली.

ब्रिओनीने ओंडक्याचा घेर मोजला. किती दिवस धुमसला, पाणी केव्हा ओतलं, सगळं विचारलं. मी म्हणाले, म्हणजे यातून काही तरी कळेलच ना? म्हणाली, कळेल. ओंडका पेटला की दगडाचं काय होतं ते.

शनिवार, ११ मे

आज हवाली केलं.

मर्लला: वळणावरचे सगळे दगड आणि उडालेल्या चकत्या, आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यांत. ओढ्याकडच्या फाटकाची किल्ली. तिने हात तसाच पुढे ठेवला, म्हणून जादा किल्लीही.

मर्लच्या परवानगीने ब्रिओनीला, तपासणीपुरते: त्यांतले थोडे दगड. सोबत ओंडक्याचा तुकडा. पिशवीवर तिने लिहिलं, ग्वेनची आग. बदलून घ्यावंसं वाटलं. तरी पिशवी तशीच तिच्या गाडीत ठेवली.

मर्लला हवं होतं ते उत्तर: देता आलं नाही.